आटवणे आणि आठवणे : नर्मदाकाठच्या लोखंडी अंगठीविषयी

मराठीतील अलंकारविषयक लेखन हे मुख्यतः सोन्याचे लेखन आहे. ठुशी, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, शिंदेशाही तोडे यांची घडण, त्यांचे प्रादेशिक भेद, त्यांचे जुन्या कागदपत्रांतील उल्लेख यांविषयी जिज्ञासूला बरीच माहिती मिळू शकते. चांदीचा विचार त्या मानाने कमी झाला आणि लोखंडाचा जवळजवळ झालाच नाही. याला कारणही आहे. लोखंडाचा दागिना गहाण पडत नाही, वाटणीपत्रात येत नाही, लग्नातल्या देण्याघेण्याच्या यादीत त्याला स्थान नसते. आणि आपल्याकडील दागिन्यांचा लिखित इतिहास बव्हंशी गहाणखते, वाटणीपत्रे आणि याद्या यांनीच सांभाळून ठेवला आहे. ज्या वस्तूला बाजारभाव नाही तिचे दप्तर नसते. तिची असते ती केवळ हकीकत. ही हकीकत वस्तूच्या बाहेरची आहे की वस्तूचाच एक घटक आहे, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. आणि तो विचारण्यासाठी जबलपूर परिसरात परिचित असलेली एक अगदी क्षुल्लक वस्तू येथे समोर ठेवली आहे. नावेच्या खिळ्यापासून किंवा घोड्याच्या नालेपासून केलेली ही लोखंडी अंगठी होय.

जबलपूरचा आणि मराठीचा संबंध नवा नाही. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले, १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांना मिळाला आणि १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला. पुढे हिंदी आणि मराठी मुलूख १९५६ पर्यंत एकाच कारभारात नांदले. नोकरीपेशाने जबलपुरात स्थिरावलेल्या मराठी घरांत साडेसातीच्या काळात शनिमाहात्म्याची पोथी वाचायची आणि अंगठी मात्र नर्मदेच्या घाटावरून आणायची, अशी सरमिसळ अगदी स्वाभाविक म्हणावी लागेल. पोथी मराठी, अंगठी नर्मदाकाठची आणि ग्रह दोघांचाही.

शिवाय हा सगळा टापूच लोखंडाचा आहे. सिहोरा भागात लोहखनिज सापडते. पूर्वेला मंडला-दिंडोरीच्या मैकल डोंगररांगांत अगरिया या जमातीने मातीच्या भट्ट्यांतून शतकानुशतके लोखंड गाळले. खुद्द शहरात १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला आणि त्यापुढच्या काळात दारूगोळ्याचे व लष्करी वाहनांचे कारखाने आले. लोखंडाचे संहारक रूप ज्या गावाने इतक्या जवळून पाहिले, त्याच गावाच्या ग्वारीघाटावर आणि तिलवाराघाटावर लोखंड संरक्षक म्हणून बोटात घातले जाते. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. रक्षण करणारी वस्तू धाक घालू शकणारीच असावी लागते. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हाती कट्यार, सुरी किंवा निदान अडकित्ता देण्यामागे आणि बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवण्यामागे हीच समजूत आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात सोनारांवरील प्रकरण आहे. दागिना हा आरंभी शोभेसाठी नव्हे, तर रक्षणासाठी अंगावर आला, असा विचार त्यात विस्ताराने मांडलेला आढळतो. हिरालाल हे कटनीचे, म्हणजे तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यातलेच. या प्रदेशातील माणसांच्या अंगावरचे धातू त्यांनी लहानपणापासून पाहिलेले होते.

आता अंगठीकडे वळू. हिंदीत तिला ‘नाव की कील का छल्ला’ म्हणतात. दुसरी ‘काले घोडे की नाल का छल्ला’. दोन्ही शनीसाठी, दोन्ही बहुधा मधल्या बोटात, दोन्ही शनिवारी घालायच्या. लोखंड हा शनीचा धातू मानला जातो, तेव्हा कोणतेही लोखंड चालायला हवे होते. हार्डवेअरच्या दुकानातून नवा खिळा आणून त्याची अंगठी केली तर धातू तोच राहील, वजनही तेच राहील. पण ती चालत नाही. खिळा नावेत बसलेला असला पाहिजे, त्याने पाणी पाहिलेले असले पाहिजे, त्याच्यावरून माणसे या तीरावरून त्या तीरावर गेलेली असली पाहिजेत. नाल घोड्याच्या टापेला ठोकलेली, रस्त्यावर झिजलेली हवी. म्हणजे येथे धातू ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. पुरेशी ठरते ती त्या धातूने केलेली चाकरी. ज्योतिषाने धातू सांगितला. चाकरीची अट लोकांनी घातली. अंगठीच्या बाबतीत या दोन अटींपैकी दुसरी अधिक कडक आहे, हे तुलनाकाराच्या ध्यानी यावे अशी अपेक्षा आहे.

नावेचा खिळा सहजासहजी मिळत नाही. नाव चालू असेपर्यंत तो तिच्या अंगात असतो. दुरुस्तीत एखादी फळी बदलली किंवा नाव जुनी होऊन मोडीत काढली, तरच तो बाहेर येतो. थोडक्यात, एका वाहनाचे आयुष्य संपल्यावर ही अंगठी निर्माण होते. मला या गोष्टीचे विशेष वाटते, कारण नर्मदेच्या परिक्रमेचा नियम याच्या अगदी उलट आहे. परिक्रमावासी समुद्रसंगमाचा अपवाद सोडता नर्मदा ओलांडत नाही. त्याचे सारे पुण्य न ओलांडण्यात साठलेले असते. खिळ्याचे पुण्य ओलांडण्यात आहे. एकाच नदीच्या काठी दोन्ही समजुती शेजारी शेजारी सुखाने राहतात आणि परिक्रमेला निघालेला माणूस घाटावर बसून बोटातला खिळा फिरवीत असेल तर त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

घडणीची रीत याहून अधिक बोलकी आहे. एरवी लोहाराचे पहिले काम म्हणजे भाता चालवणे. तापवल्याशिवाय लोखंड वळत नाही, हे लोहारकामाचे मूळ सूत्र. परंतु या अंगठीसाठी अट अशी सांगितली जाते की तिला आग लागता कामा नये. नाल असो वा खिळा, तो थंडच कापायचा, थंडच ठोकायचा आणि गजाभोवती थंडच वळवायचा. हे काम वाटते तितके सोपे नाही. थंड ठोकलेले लोखंड प्रत्येक घावागणिक कडक होत जाते. घाई केली की वळणाच्या बाहेरच्या अंगाला चीर पडते. लोणारी कोळशाच्या भट्टीत गाळलेले जुन्या पद्धतीचे लोखंड मऊ व तंतुमय असते, त्यामुळे ते ही वागणूक सहन करते. आजच्या नालेचे पोलाद सौम्य असेल तर तेही वळते. मात्र ज्यात कार्बनचे प्रमाण जास्त आहे असा खिळा पुष्कळदा तुटतो. शिवाय आग नाही म्हणजे डागकाम नाही, सांधणे नाही. त्यामुळे अशा अंगठीची दोन टोके बहुधा मोकळीच राहतात, एकमेकांशेजारी येऊन थांबतात किंवा एकावर एक चढतात. सोनाराच्या दृष्टीने हे अर्धवट काम आहे. परंतु अंगठी घालणाऱ्याच्या दृष्टीने ही उघडी टोके म्हणजे आग लागलेली नाही याचा दृश्य पुरावा असतो.

आग का नको, याचे उत्तर आपल्याला सोनाराकडे मिळते. जुना दागिना मोडीत देणे हा मराठी घरातला नेहमीचा व्यवहार. आजीच्या पाटल्या मुशीत जातात, आटतात, आणि त्यातून नातीच्या बांगड्या होतात. मोडीचे वजन होते, कस पाहिला जातो, घट धरली जाते, घडणावळ लागते. या साऱ्या हिशेबात आजी कुठेही नसते. सोन्याची थोरवीच यात आहे की ते मागचे काही धरून ठेवत नाही. देवळातले असो, दरोड्यातले असो, मुशीतून बाहेर आलेले सोने निष्पाप असते. मराठीत ‘आटवणे’ आणि ‘आठवणे’ या दोन क्रियापदांत एका महाप्राणाचे अंतर आहे. हा निव्वळ ध्वनीचा योग आहे, व्युत्पत्तीचा नव्हे. तरीही प्रस्तुत विषयापुरता तो इतका नेमका आहे की त्याचा उपयोग करून घेण्याचा मोह आवरत नाही. सोने आटवले जाते. नावेचा खिळा आठवला जातो. एकाची किंमत मागील रूप पुसण्यावर अवलंबून आहे, दुसऱ्याची ते न पुसण्यावर. आग हे पुसण्याचे साधन आहे, म्हणून ती निषिद्ध.

संतसाहित्यातील परिसाचा दृष्टान्त या प्रकाशात पुन्हा पाहण्यासारखा आहे. परिसाला लागलेले लोखंड सोने होते, ही प्रतिमा इतकी रुळली आहे की तिच्यातील लोखंडाकडे आपले लक्षच जात नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात ज्ञानदेव मात्र लोखंडाला एक विशिष्ट काम देतात. परीस फोडण्याच्या हेतूने जरी लोखंड त्याच्यावर आदळले तरी स्पर्शासरशी ते सोनेच होईल, असा तेथे आशय आहे. म्हणजे तेथले लोखंड हे कच्चा धातू नसून हत्यार आहे, आणि तेही वैरभावाने आलेले हत्यार. ईश्वराच्या संपर्कात येणाऱ्याचा पूर्वहेतू विचारला जात नाही, हे सांगण्यासाठी याहून समर्पक प्रतिमा सापडणे अवघड. परंतु दृष्टान्ताचे बळ विस्मरणात आहे, हेही तितकेच खरे. हातोड्याचे सोने झाले की तो हातोडा होता हे उरत नाही. उरले तर भक्तीचा मुद्दा अडेल. भक्तीच्या काव्यशास्त्राला आटवणारी कृपा लागते. साडेसातीने गांजलेल्या माणसाला लागते ती आठवणारी वस्तू, कारण त्याला सोने व्हायचे नसते, पलीकडच्या तीराला लागायचे असते.

शनीच्या पोथीतही दागिना आहे आणि हत्यारही आहे, पण त्यांची दिशा उलटी आहे. तात्याजी महिपतीच्या शनिमाहात्म्यात विक्रम राजाची कथा येते. खुंटीला टांगलेला हार चित्रातला हंस गिळतो, चोरीचा आळ विक्रमावर येतो, त्याचे हातपाय तोडले जातात आणि अखेर तो तेल्याच्या घाण्यावर बसून घाणा हाकू लागतो. शनी माणसाला दागिन्याकडून हत्याराकडे, हाराकडून घाण्याकडे नेतो. अंगठी हा या प्रवासाचा जणू परतीचा मार्ग आहे: हत्याराचा तुकडा उचलून त्याचा दागिना करायचा. पोथी आणि अंगठी एकमेकींना ठाऊक होत्या, असा दावा येथे करायचा नाही. दोघींची कल्पनासृष्टी मात्र एकच आहे.

येथपर्यंतचे विवेचन वाचून असे वाटेल की या प्रदेशात लोखंडाची किंमत त्याच्या भूतकाळावरच ठरते. परंतु जबलपूरपासून फार दूर नसलेल्या मैकल टेकड्यांत याच्या नेमकी विरुद्ध कल्पना आढळते. व्हेरिअर एल्विन यांचा अगरियांवरील ग्रंथ १९४२ साली प्रसिद्ध झाला. लोहासुर, कोयलासुर, अग्यासुर या देवतांच्या, लोगुंडी राजाच्या कथा त्यात आहेत, आणि ‘कुंवारी लोहा’ या कल्पनेची नोंदही आहे. भट्टीतून नुकतेच निघालेले, अद्याप कशाच्याही कामी न आलेले लोखंड ते कुंवारी. भूतबाधा, दृष्ट, अशुभ यांपासून रक्षण करण्याचे सामर्थ्य या अस्पर्श लोखंडात मानले जाई. घाटावरच्या अंगठीला वापरलेले लोखंड हवे, डोंगरातल्या अगरियाला न वापरलेले. एकाला चाकरी केलेला धातू पवित्र, दुसऱ्याला चाकरीपूर्वीचा.

या विरोधाची उपपत्ती कशी लावायची? मला तरी ती श्रमाच्या स्थानात दिसते. अगरिया लोखंड निर्माण करतो. दगडातून धातू निघण्याचा क्षण त्याच्या डोळ्यांसमोर घडतो, आणि त्याच्या पुराणकथा त्याच क्षणाभोवती रचलेल्या आहेत. त्याच्या लेखी लोखंडाचे सामर्थ्य जन्मातच आहे. नंतरचा वापर म्हणजे त्या सामर्थ्याचा क्षय. घाटावरच्या माणसाने लोखंडाचा जन्म पाहिलेला नाही. त्याला लोखंड भेटते ते नाल म्हणून, खिळा म्हणून, कुलूप म्हणून, म्हणजे आधीच कुणाच्या तरी कामाला जुंपलेले. साहजिकच त्याची श्रद्धा त्या कामाला चिकटते. अगरियांच्या भट्ट्या पुढे मंदावल्या. भट्टीवरचा कर, कोळशासाठी लागणाऱ्या जंगलावरचे निर्बंध आणि बाजारात आलेले कारखानी लोखंड ही त्याची कारणे एल्विन यांनी मांडली आहेत. भट्टी विझली की कुंवारी लोखंडही संपते, कारण त्याची साक्ष देणारा माणूसच धंद्यातून उठतो. वापरलेले लोखंड मात्र तेवढ्याने संपत नाही. ते कारखान्यात झालेले असले तरी नावेत बसून, टापेखाली झिजून पात्रता मिळवू शकते. नर्मदाकाठच्या अंगठीची परंपरा अगरियांच्या परंपरेपेक्षा अधिक तगली, याचे कारण तिच्या श्रद्धेच्या बळात शोधण्यापेक्षा येथे शोधणे मला योग्य वाटते.

हत्याराचा आणि साधनाचा दागिना होण्याची प्रक्रिया भाषेतही नोंदली गेली आहे. मराठी दागिन्यांची नावे चाळली तर एक मोठा गट धान्या-फळांचा दिसतो: बोरमाळ, जोंधळी पोत, चिंचपेटी. दुसरा गट दोर-दोऱ्यांचा आणि यंत्रभागांचा आहे. गोफ म्हणजे पीळ घातलेली दोरी, मंगळसूत्रातले सूत्र, साखळी, चाप, कानातल्याच्या मागची फिरकी, जिच्या अंगात मळसूत्र असते. संस्कृतात ही वाट आणखी जुनी आहे. ‘रशना’ म्हणजे आधी दोर, घोड्याचा लगाम. नंतर स्त्रीच्या कमरेचा पट्टा. ‘शृंखला’ म्हणजे बेडी. आणि अमरकोशात पुरुषाच्या कमरेच्या अलंकाराचे नावही त्याच शब्दाचे रूप आहे. बांधणारी वस्तू नटवणारी झाली. घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला खोचलेला किल्ल्यांचा छल्ला, करगोट्याला अडकवलेले चांदीचे दातकोरणे-कानकोरणे, मंगळसूत्रात ओवून ठेवलेली सेफ्टी पिन, ही या संक्रमणाची चालती उदाहरणे. सेफ्टी पिन पायातला काटा काढते, तुटलेला बंद सावरते आणि बाकीचा वेळ काळ्या मण्यांच्या शेजारी लोंबत राहते. तिला दागिना म्हणायचे की अवजार, हा प्रश्न तिच्या मालकिणीला कधी पडत नाही. गोंड आणि बैगा स्त्रियांच्या गळ्यातली रुपयांची हमेलही याच कुळातली. रुपयाला कडी लावली, पण रुपया आटवला नाही. त्यावरचा राजाराणीचा छाप जसाच्या तसा राहिला.

भारताबाहेर पाहू लागलो की सर्वांत प्रथम ग्रीक पुराणकथेतली एक अंगठी सामोरी येते. प्रोमिथिअसची सुटका झाली. परंतु त्याला कायम जखडून ठेवण्याची झ्यूसची शपथ मोडू नये म्हणून त्याच्या बोटात लोखंडाचे एक वळे आणि त्यात काकेशसच्या खडकाचा एक कण ठेवण्यात आला, असे सांगतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने आपल्या ‘निसर्गेतिहासा’च्या ३७व्या ग्रंथात रत्नांचा इतिहास सांगताना ही कथा आरंभी ठेवली आहे. जगातली पहिली अंगठी आणि पहिला खडा तो हाच, असे म्हणतात. ३३व्या ग्रंथात मात्र तोच प्लिनी शंका घेतो की जुन्या लोकांना तेथे अंगठी नव्हे, बेडीच अभिप्रेत असावी. ही शंका आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. बेडीचा तुकडा बोटात आला तर तो बेडी उरतो की अंगठी होतो? अमरकोशकाराला हा प्रश्न पडला नाही, कारण त्याच्या काळापर्यंत शब्दाने निकाल देऊन टाकला होता. विजययात्रेत सेनापतीच्या बोटातही लोखंडाचीच अंगठी असे आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या गुलामाच्या बोटातही, हे त्याच प्लिनीचे निरीक्षण. आणि प्लिनीच्या काळात वाग्दत्त वधूला खड्याशिवायची लोखंडी अंगठी पाठवण्याची रीत होती. बंगाली सुवासिनीच्या हातातले ‘नोआ’ नावाचे लोखंडी कडे, जे आता पुष्कळदा सोन्याने मढवलेले असते, ते या ठिकाणी आठवल्याशिवाय राहत नाही.

इंग्लंडमधील वुडस्टॉक गावी १८व्या शतकात पोलादाचे दागिने घडत. त्यांसाठी घोड्याच्या नालेचे जुने खिळे वापरले जात, अशी त्यांची ख्याती होती. पोलादाच्या बारीक टिकल्यांना हिऱ्यासारखे पैलू पाडून, त्या एकेक करून बसवून, बकले आणि साखळ्या तयार होत. वरवर पाहता हा नर्मदाकाठच्या अंगठीचा सख्खा भाऊ. परंतु तेथे जुना खिळा निवडण्याचे कारण धातुशास्त्रीय होते. पुन्हा पुन्हा घाव बसून त्याचे लोखंड चिवट आणि एकजीव झालेले असे. त्या काळी बंदुकीच्या नळ्यांसाठीही असेच जुने खिळे निवडत. खिळ्याने घोड्याची चाकरी केली याला वुडस्टॉकमध्ये महत्त्व होते ते त्या चाकरीने धातू सुधारला म्हणून. घोडा कोणत्या रंगाचा होता, हे विचारण्याचे तेथे कारण नव्हते.

आधुनिक कलाविचारात हा विषय प्रवेशतो तो बहुतेकदा ॲनी आल्बर्स यांच्या नावाने. बाउहाउसमधून आलेल्या या विणकर-कलावतीने १९४० च्या सुमारास अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात आपला विद्यार्थी अलेक्स रीड याच्यासह हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंचे दागिने केले. सिंकच्या मोरीवर बसवायची जाळी, तिला साखळी आणि कागदाच्या क्लिपांची झालर. ॲल्युमिनियमचे वॉशर, ते ओवायला लाल फीत. स्फूर्ती मेक्सिकोतील माँते अल्बान येथील ७ क्रमांकाच्या थडग्यातून मिळाली. १९३२ साली आल्फोन्सो कासो यांना सापडलेल्या त्या ऐवजात सोन्यामोत्यांच्या जोडीला स्फटिक आणि शिंपले बरोबरीने ओवलेले होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४६ मध्ये हाती घडवलेल्या आधुनिक दागिन्यांचे प्रदर्शन भरवले, त्यात या वस्तू होत्या. सोन्याच्या मक्तेदारीला दिलेले ते आव्हान होते आणि त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण जाळी आणि वॉशर दुकानातून कोरे आणलेले होते. त्या जाळीने कधी खरकटे अडवले नव्हते. अडवले असते तर कदाचित ती गळ्यात आली नसती. आल्बर्सना वस्तूचे रूप हवे होते, वस्तूची कहाणी नव्हे. या अर्थाने त्यांचे वॉशर हे कुंवारी लोखंडच म्हटले पाहिजे, आणि आधुनिकतावादी कलावती घाटावरच्या माणसापेक्षा मैकलमधील अगरियाच्या अधिक जवळ येऊन उभी राहते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना येथे क्लोद लेव्ही-स्त्रोस यांच्या १९६२ मधील ग्रंथातला ‘ब्रिकोलर’ आठवेल. हाताशी पडलेल्या मोडक्या वस्तूंतून नवे काही जुळवणारा हा खटपट्या मनुष्य. त्याच्याकडील प्रत्येक तुकड्यावर मागच्या वापराने आधीच काही मर्यादा घातलेल्या असतात. ही संकल्पना मराठी समीक्षेत आता इतकी सवयीची झाली आहे की ती कुठेही लावली जाते. नर्मदाकाठच्या अंगठीला ती जशीच्या तशी लागू पडत नाही, असे मला वाटते. ब्रिकोलर मागच्या वापराशी तडजोड करतो. त्याच्या दृष्टीने तो अडसर असतो आणि हाताशी दुसरे काही नाही म्हणून तो तसा तुकडा घेतो. घाटावरचा माणूस नवा खिळा परवडत नाही म्हणून जुना घेत नाही. नवा खिळा स्वस्तही आहे आणि हाताशीही आहे. तो जुना शोधतो, त्यासाठी अधिक पैसे मोजतो. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर ब्रिकोलरचे काम रूपांतराचे आहे आणि या अंगठीचे अवतरणाचे. रूपांतरात मूळ संहिता वितळते. अवतरणात ती दोन चिन्हांमध्ये अखंड ठेवावी लागते, कारण तिचा अधिकार ती कुठून आली यावर अवलंबून असतो. अंगठीची दोन मोकळी टोके मला पुष्कळदा या अवतरणचिन्हांसारखी वाटतात.

अवतरणाचे जे संकट, तेच या अंगठीचेही. ते खोटे असू शकते. सोन्याला कसोटी आहे, आता हॉलमार्क आहे. नावेच्या खिळ्याला काय आहे? रस्त्यांवरून टांगे कमी झाले तसे घोडे कमी झाले, काळे घोडे त्याहून कमी. तरीही काळ्या घोड्याच्या नालेच्या अंगठ्यांना तुटवडा नाही. पूजासाहित्याच्या दुकानांत त्या ढिगाने मिळतात. लोखंडी पट्टी कापून केलेली अंगठी आणि खऱ्या नालेची अंगठी तेल लावल्यावर सारखीच काळी दिसते. प्रयोगशाळा फार तर पोलादाचा प्रकार सांगेल; घोडा काळा होता की नाही हे कोणतीही प्रयोगशाळा सांगणार नाही. मग खरेखोटे ठरते ते देणाऱ्याच्या शब्दावर. ही अमुक नावेची, अमक्या घाटावरची, माझ्यासमोर निघालेली, हे सांगणे हाच तिचा कस. हे सांगणे गाळले तर वस्तू शिल्लक राहते, पण अंगठी राहत नाही. दक्षिणेतील मोहरमच्या मिरवणुकीत निघणाऱ्या नालसाहेबाच्या बाबतीतही असेच घडते. नालेच्या आकाराला कर्बलेच्या कथेपासून वेगळे केले तर हाती धातूचा एक वाकवलेला तुकडा उरतो.

अलंकारांची सूची करणारा अभ्यासक धातू, मोजमाप, वजन, प्राप्तिस्थान या रकान्यांत नोंद करतो. या रकान्यांत नावेच्या खिळ्याची अंगठी आणि बाजारी पट्टीची अंगठी एकाच वर्णनाने बसतील: लोह, वलयाकार, टोके मोकळी. सूचिकाराची यात चूक नाही. त्याची पद्धत सोन्यासाठी बनलेली आहे आणि सोन्याला तेवढे पुरते. ज्या अलंकाराचा निम्मा भाग कथनात आहे त्याची नोंद करण्याचे काम म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकाकडे येते. मौखिक परंपरेचे संकलन करणाऱ्यांनी ओव्या घेतल्या, म्हणी घेतल्या, कहाण्या घेतल्या. वस्तू हातात देताना बोलली जाणारी ही दोन-तीन वाक्ये मात्र वाङ्मयप्रकार म्हणून कोणाच्या वहीत आली नाहीत. ती लहान आहेत, साचेबंद आहेत आणि विक्रेत्याच्या तोंडी आहेत, म्हणून ती वाङ्मय नव्हेत असे म्हणायचे तर शाहिरांच्या आणि कीर्तनकारांच्या अनेक साच्यांनाही हाच न्याय लावावा लागेल.

हे संकलन जुन्या अंगठ्या जमवून करता येईल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. लोखंड घामाने गंजते, बोटावर काळा वण ठेवते, वर्षानुवर्षे झिजत जाते. शिवाय तिचे काम संपले, दशा पालटली, की ती घरात ठेवायची नाही, कोणाला द्यायची नाही, सोनाराकडे न्यायची तर नाहीच. ती वाहत्या पाण्यात सोडायची, असा संकेत आहे. जबलपुरात वाहते पाणी म्हणजे नर्मदा. नावेतून निघालेला खिळा काही वर्षे एखाद्या बोटावर राहून पुन्हा त्याच पाण्यात जातो, आणि तो टाकण्यासाठी पात्राच्या मध्यापर्यंत जायचे तर नावेतच बसावे लागते.